तिसरा नंबर

मंगळवारी दहा ते एक भाऊ लोकांना भेटत. हे दहा ते एक फक्त दारावरच्या पाटीवर. प्रत्यक्षात पावणेदहालाच बाकडं भरलेलं असे, आणि दीड वाजून गेला तरी कोणीतरी "फक्त एक मिनिट, भाऊ" म्हणत दारात उभं असे. असलं एक मिनिट वीस मिनिटांच्या आत कधीही संपलेलं नाही. चौथ्यांदा निवडून आलेल्या नगरसेवकाला एवढं नक्कीच कळतं. कळून उपयोग काय, ती गोष्ट निराळी.

त्या मंगळवारी भाऊंचा उजवा गुडघा पहाटेपासून ठणकत होता. घरून निघताना बायको म्हणाली, "स्वयंपाकघरातला नळ गळतोय."

"बघतो," भाऊ म्हणाले.

"बाकड्यावरच्या माणसाशी बोलल्यासारखं माझ्याशी बोलू नका. प्लंबरला मीच बोलावते, म्हणजे निदान पाणी तरी थांबेल."

भाऊंनी मान डोलावली आणि चपला शोधायला लागले. वीस वर्षांच्या संसारात आणि तेवढ्याच वर्षांच्या राजकारणात त्यांनी एक धडा घेतला होता, की बरोबर असलेल्या माणसाशी वाद घालू नये.

भाऊंचं कार्यालय म्हणजे पूर्वीचं इस्त्रीचं दुकान. भिंतीला अजून गरजेपेक्षा जास्त प्लग होते आणि एका कोपऱ्यात फरशी काळवंडलेली होती. आत एक टेबल, तीन प्लास्टिकच्या खुर्च्या, एक बाकडं. आणि खिडकीशी, येणाऱ्याच्या बरोबर पाठीमागे, मास्तर. मास्तर शाळेतून निवृत्त झाले त्याच आठवड्यात वही घेऊन इथे येऊन बसले, ते आजतागायत. त्यांची जागा अशी होती की भाऊंना ते समोर दिसत, पण तक्रार घेऊन आलेल्याला दिसत नसत. हे काही योगायोगाने झालेलं नव्हतं.

पहिल्या पाच वर्षांत भाऊ सगळ्यांना "करतो" म्हणत आणि मास्तर सगळं वहीत लिहीत. दुसऱ्या निवडणुकीच्या आधी मास्तरांनी बसून मोजदाद केली. दोनशे अकरा वेळा करतो, त्यातली झालेली कामं चौसष्ट. भाऊंना त्या रात्री जेवण गेलं नाही. खोटं बोलणं त्यांच्या स्वभावात नव्हतं, आणि नाही म्हणणं तर त्याहून नव्हतं. मग दोघांनी मिळून शब्दांची वाटणी केली. भाऊ "करतो" म्हणाले की मास्तरांनी निळ्या शाईच्या पेनाने वहीत नोंद करायची आणि काम होईपर्यंत रोज पालिकेत जाऊन इंजिनियरच्या टेबलासमोर उभं राहायचं. "बोलतो" म्हणाले की एका चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहायचं आणि दुपारी फोन लावून द्यायचा. आणि "बघतो" म्हणाले की पेनाला टोपण लावायचं.

सुरुवातीला ही प्रामाणिकपणाचीच युक्ती होती. करतो म्हटलेली कामं थोडी, पण झालेली सगळी. नव्याचे नऊ दिवस गेले. मग पालिकेतले साहेब बदलले, दोघांचंही वय झालं, आणि बघतो हळूहळू अख्ख्या मंगळवारावर पसरला. मास्तरांच्या पेनाचं टोपण आता अकरा महिने निघालेलं नव्हतं. लोक मात्र समाधानाने घरी जात, कारण बघतो म्हणताना भाऊंच्या आवाजात खरीखुरी माया असे. तेवढीच काय ती उरली होती.

त्या दिवशी आधी एक किराणावाला आला. त्याच्या दुकानासमोर शेजारचा गाडी लावतो. बघतो. मग एक आई, मुलाच्या शाळाप्रवेशासाठी पत्र हवं. बोलतो. मग दोन सख्खे भाऊ एकाच गटाराची तक्रार घेऊन वेगवेगळे आले आणि एकमेकांबद्दलच बोलत बसले. दुखणं रेड्याला आणि औषध पखालीला, असं मास्तर खिडकीशी पुटपुटले. भाऊंना हसूही आलं नाही. या खुर्चीतून उठून कुठेतरी जावं, जिथे कोणी आपल्याला भाऊ म्हणणार नाही, असं त्यांना अलीकडे रोज साडेअकराला वाटायचं.

साडेअकरालाच शिवणकाकू आल्या.

शिवणकाकू टेकडीवरच्या वस्तीत राहत. कपडे शिवत म्हणून शिवणकाकू. त्यांचे यजमान तीस वर्षं बस चालवत, त्यांना सगळे ड्रायव्हरकाका म्हणत. सहा वर्षांपूर्वी काकांची दृष्टी गेली. वस्तीतून खाली बसथांब्यापर्यंत बासष्ट पायऱ्या होत्या आणि त्यांना धरायला काही नव्हतं. तरी काका रोज चार वाजता काठी टेकत उतरत, थांब्यावरच्या बाकावर बसत, आणि येणारी बस कोणती, तिचा कोणता भाग कुरकुरतोय, हे नुसत्या आवाजावरून सांगत. त्या पायऱ्यांना रेलिंग लावून द्या, एवढंच काकूंचं मागणं. दोन वर्षांत त्या चार वेळा आल्या होत्या आणि चारही वेळा भाऊ अगदी मनापासून "बघतो, काकू" म्हणाले होते.

"या काकू, बसा," भाऊ म्हणाले. "रेलिंगचं ना? माझ्या लक्षात आहे."

"लक्षात आहेच हो तुमच्या," काकू म्हणाल्या. "म्हणूनच आले. आमचं नाव खोडा म्हणून सांगायला."

भाऊंना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "खोडा? का?"

"ते आता उतरत नाहीत. मागच्या महिन्यात पाय सटकला. मोडलं काही नाही, कोपर तेवढं खरचटलं, पण मनातून घाबरले. आता म्हणतात, पुरे झालं उतरणं, बसचा आवाज काय घरातूनही येतो." काकूंनी पदराने कपाळ टिपलं. "येत नाही हो. मध्ये एवढी घरं आहेत."

भाऊ उठून लंगडत दारापर्यंत गेले आणि परत येऊन बसले.

"मग म्हटलं, आपलं नाव रांगेत उगाच कशाला अडवून ठेवा? दुसऱ्या कोणाची नड असेल, त्याचा नंबर तरी पुढे सरकेल. तेवढं खोडून टाका, म्हणजे मी मोकळी."

भाऊंनी मान वर करून खिडकीकडे पाहिलं. मास्तरांनीही त्यांच्याकडे पाहिलं. खोडायला आधी नाव असावं लागतं, आणि नाव वहीत नव्हतं, हे त्या खोलीत दोघांनाच माहीत होतं. भाऊंना लाज वाटली. निवडणूक हरल्यावर वाटते तशी नव्हे. लहानपणी आईने खोटं पकडल्यावर वाटायची तशी.

काकू खुर्चीत वळल्या. "मास्तर, तुमच्याकडेच असते ना वही?"

"असते की," मास्तर म्हणाले. त्यांनी वही उघडली, पानं उलटली, पुन्हा उलटली. मग डाव्या हाताचा आडोसा करून, अकरा महिन्यांनी पेनाचं टोपण काढून, त्यांनी एक ओळ लिहिली. शाळेत कॉपी करणाऱ्या पोरांना जन्मभर बाकावर उभं करणारा माणूस, पण अक्षर नेहमीसारखंच वळणदार आलं. "हं, हे बघा, सापडलं," ते म्हणाले, त्यावर एक आडवी रेघ मारली आणि वही काकूंपुढे धरली.

काकूंनी चष्मा लावला आणि ओळीवर बोट ठेवून वाचलं. "पायऱ्यांचं रेलिंग. हो, हेच. कितवा नंबर होता हो आमचा?"

"तिसरा," मास्तर म्हणाले.

"अगं बाई. म्हणजे जवळच आलं होतं."

त्यांनी बोट उचललं, एकदा त्याच्याकडे पाहिलं, अंगठ्याने चोळलं आणि मूठ मिटली. मग उठल्या. "बरं भाऊ, येते. गुडघ्याला जपा. लंगडताय तुम्ही."

त्या गेल्यावर पुढचा माणूस येऊन बसला. त्याच्या शेजाऱ्याचं कुत्रं रात्रभर भुंकत होतं. तो सविस्तर सांगत होता, मधूनमधून भुंकूनही दाखवत होता. त्याचं संपलं तेव्हा भाऊंनी तोंड उघडलं, आणि पंधरा वर्षांत पहिल्यांदाच त्यांना "बघतो" म्हणता येईना.

"मास्तर," ते म्हणाले, "मी जरा जाऊन येतो."

"आत्ता?" बाकड्यावर अजून सहा जण होते.

"आत्ताच."

भाऊ त्या पायऱ्या मतं मागायला दर पाच वर्षांनी चढत. तेव्हा मागे पंचवीस माणसं असत आणि घोषणांच्या नादात गुडघा आठवत नसे. आज ते एकटे होते. विसाव्या पायरीवर त्यांना धाप लागली, चाळिसाव्या पायरीवर ते थांबले आणि आधारासाठी हात बाजूला गेला. तिथे काहीच नव्हतं. खाली बसथांबा दिसत होता आणि त्याच्या शेजारचं रिकामं बाकडं.

काकूंच्या घराचं दार उघडं होतं. आत शिलाई मशीन चालू होतं. दाराशी खुर्ची टाकून ड्रायव्हरकाका बसले होते.

"कोण?" काका म्हणाले. "डावा पाय जोरात पडतोय. गुडघेदुखी दिसते. भाऊ का?"

"हो, काका."

"आज कुठली निवडणूक?"

"निवडणूक नाही. सहज आलो," भाऊ म्हणाले, आणि इतकं हास्यास्पद उत्तर आपण आयुष्यात दिलं नसेल असं त्यांना वाटलं. बासष्ट पायऱ्या कोणी सहज चढत नाही. त्यांनी मशीनच्या आवाजाचा आडोसा घेतला. "काका, एक सांगायचं होतं. वहीत तुमचं नाव नव्हतं. कधीच नव्हतं."

काका हसले. "ठाऊक आहे हो. तीस वर्षं डेपोत काढली मी. ब्रेक लागत नाही म्हणून सांगितलं की आमचे साहेबही म्हणायचे, बघतो. बघतो म्हणजे काय, ते ड्रायव्हरला नाही कळणार तर कोणाला?" मग त्यांनीही आवाज खाली आणला. "पण हिला नका सांगू. तिसरा नंबर होता म्हणून आल्याआल्या सांगत होती मला. चार खेपा घातल्या बिचारीने. त्या फुकट नाही गेल्या, एवढं समाधान राहू दे तिच्याकडे."

मशीन थांबलं. काकू पाण्याचा पेला घेऊन बाहेर आल्या आणि भाऊंना पाहून जराशा दचकल्या. उजव्या हाताच्या बोटाला त्यांनी कापडाची चिंधी गुंडाळली होती.

"सुई लागली का, काकू?" भाऊंनी विचारलं.

"नाही. डाग आहे. आज पांढरं कापड शिवतेय, धुतला तरी भरवसा नाही." त्यांनी पेला भाऊंच्या हातात दिला. चिंधीच्या कडेशी थोडा निळा डाग दिसत होता. ओल्या शाईचा; दोन वर्षांपूर्वी लिहिलेली ओळ बोटाला लागत नाही.

भाऊंनी वर पाहिलं. काकूंनी नजर चुकवली नाही.

"तिसरा नंबर होता ते मी यांना सांगितलं," त्या सावकाश म्हणाल्या. "फार बरं वाटलं यांना. हो ना हो?"

"हो, तर," काका म्हणाले. "जवळच आलं होतं."

भाऊंनी पाणी एका दमात प्यायलं. इतक्या वर्षांत कोणी आरडाओरडा केला होता, कोणी शिव्या दिल्या होत्या, एकदा तर कार्यालयाची काचही फुटली होती. त्या सगळ्याला त्यांच्याकडे उत्तर असे. इथे मात्र काही न मागता ही दोन माणसं एकमेकांना सांभाळत होती, आणि वर भाऊंनाही.

"येतो," ते म्हणाले.

"सव्विसावी पायरी हलते," काका मागून म्हणाले. "वरून मोजायची. तिच्या कडेला पाय नका देऊ."

भाऊ मोजत उतरले. चढण्यापेक्षा उतरताना गुडघा जास्त बोलतो, हे त्यांना नव्यानेच कळत होतं. पंचविसाव्या पायरीवर ते थांबले, एक पाय सव्विसाव्या पायरीच्या मधोमध जपून टेकवला, आणि पायरी खरंच हलली. हात पुन्हा बाजूला गेला आणि पुन्हा रिकामाच परत आला. त्यांनी कसाबसा तोल सावरला, खिशातून फोन काढला आणि मास्तरांना लावला.

"मास्तर, टोपण काढा."

पलीकडून टोपण निघाल्याचा टक् आवाज आला. "काढलं," मास्तर म्हणाले.

"लिहा. पायऱ्यांचं रेलिंग. करतो."

"भाऊ, विचार करून सांगा. करतो लिहिलं की मला रोज पालिकेत जाऊन उभं राहावं लागेल."

"उद्यापासून मीही येतो. दोघं उभे राहू."

"बरं. नंबर काय टाकू? नवं पान आहे. एक टाकतो."

"एक नको," भाऊ म्हणाले. "तिसरा टाका."

"तिसरा? मग वरच्या दोन ओळी?"

भाऊंनी खाली पाहिलं. बसथांबा, त्याच्यापलीकडे रस्ते, घरं, आणि घराघरांतून त्यांच्या बाकड्यावर बसून समाधानाने परत गेलेली माणसं. किती होती, त्यांना सांगता आलं नसतं. कोणाचंच नाव लिहिलेलं नव्हतं.

"कोऱ्या ठेवा," ते म्हणाले. "आठवावं लागेल."

मग ते तिथेच पायरीवर बसले, कारण अजून छत्तीस उरल्या होत्या.