नोरीनचा डॉक्टर

"गप्प बसा जरा, मयतं लागलीत," म्हणत बिडीनं रेडिओचा आवाज वाढवला.

डॉक्टर फर्गस लेनिहान मुळात बोलतच नव्हते. ते उकडलेल्या अंड्याचं टोक चमच्यानं फोडत होते. सकाळी रेडिओवर कोण कोण गेलं ते सांगायला लागले की किलब्रॅकमधल्या घराघरांत माणसं चहाचा कप खाली ठेवत. डॉक्टरांना त्यात नवं काही नसे. गावात गेलेल्या बहुतेकांचे डोळे त्यांनीच मिटलेले असत.

"नोरीन गेराटी, किलब्रॅक शाळेच्या निवृत्त शिक्षिका. काल, रुग्णालयात, अल्पशा आजारानंतर..."

बिडीनं छातीवर क्रूसाची खूण केली. गेली कित्येक वर्षं ती डॉक्टरांचं घर सांभाळत होती. डॉक्टर म्हणाले, रेडिओवाल्यांची चूक झाली असणार. नोरीन गॉलवेला बहिणीकडे गेलीय, बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, तिनं स्वतः फाटकाशी सांगितलं होतं. आणि नोरीनला आजार? ती तर ठणठणीत. इतक्या वर्षांत एकदा म्हणून दवाखान्याची पायरी चढली नव्हती. तेवढ्यात रेडिओ म्हणाला, पार्थिव आज दुपारपासून राहत्या घरी. डॉक्टरांनी चमचा बशीत ठेवला.

दर गुरुवारी दवाखाना बंद करून ते नोरीनकडे चहाला जात. मनुकांचा पाव, लोणी, पत्त्यांचा डाव, आणि डाव हरले की भांडण. आधी गावानं लग्नाची वाट पाहिली, मग वाट पाहायचाही कंटाळा केला. बिडी विचारायची, "मुहूर्त माझ्या मयताचा धरलाय का?" डॉक्टरांचं उत्तर तयार असे: डॉक्टरनं आपल्या पेशंटकडे तसल्या नजरेनं बघू नये. उत्तर सभ्य होतं, आणि भित्र्या माणसाला सोयीचंही.

दुपारी नोरीनच्या दारात माणसांची रांग होती. डॉक्टर रांगेत उभे राहिले. अख्ख्या गावाची दुखणी ज्याला तोंडपाठ, त्याला हिचंच कळू नये, याला दिव्याखाली अंधार म्हणायचं नाही तर काय? तिनं आजार लपवला. परक्या डॉक्टरला दाखवला. माझ्या हातांवर तिचा विश्वास नव्हता. ती गेल्यापेक्षा हेच जास्त टोचत होतं, आणि असं टोचावं याची त्यांना लाज वाटत होती.

नोरीनची बहीण फिलो शवपेटीशेजारच्या खुर्चीवरून उठून आली. दोन्ही गुडघे शाबूत होते. तिनं डॉक्टरांना स्वयंपाकघरात नेलं.

"काल फोन उचलला आणि परत ठेवला," ती म्हणाली. "कोण म्हणून कळवायचं तुम्हाला, तेच कळेना."

"तिचा डॉक्टर म्हणून, फिलो. मी तिचा डॉक्टर होतो."

फिलोनं स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं.

"तुम्ही कुठले तिचे डॉक्टर? ती बॅलिनरीलच्या दवाखान्यात जायची. बारा वर्षं झाली. तुम्हीच नव्हतात का म्हणाला, तू माझी पेशंट नसतीस तर कधीच मागणी घातली असती? पुढच्याच सोमवारी बसनं गेली ती. डॉक्टर बदलून आली."

डॉक्टरांना तो गुरुवार आठवला. म्हणाले होते खरे. पत्त्यांचा डाव हरल्यावर, हसत हसत, नेहमीचंच उत्तर म्हणून.

"मग मला सांगितलं का नाही?"

"म्हणाली, त्याच्या ध्यानात येईल की. गावानं बसमध्ये चढताना बघितलंय तिला. सगळ्यांना ठाऊक होतं, डॉक्टर. आम्हाला वाटलं, तुम्हालाही ठाऊक आहे आणि तरी तुम्हाला नकोय."

"आणि तिला?"

फिलोनं डोळे पुसले. "शेवटी शेवटी तिलाही तसंच वाटायचं. म्हणून तर आजार सांगू दिला नाही."

आपण किती मूर्ख, हे माणसाला असं भर दुपारी, दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात कळावं?

बाहेर येऊन ते पेटीपाशी गेले. जपमाळ गुंडाळलेल्या तिच्या हातावर त्यांनी हात ठेवला, तर बोटं सवयीनं मनगटाकडे, नाडीकडे वळली. त्यांनी ती मागे घेतली आणि तिचा तळवा धरला. फिलो आपल्या जागी परतली होती; तिच्या शेजारची, घरच्या माणसासाठी ठेवलेली खुर्ची रिकामी होती. ते त्या खुर्चीवर बसले.

रांग पुढे सरकत होती. पहिला आला तो दूधवाला टूमी. त्यानं फिलोचा हात हातात घेतला, मग जराही न अडखळता डॉक्टरांचा.

"वाईट झालं हो."

हे वाक्य डॉक्टर स्वतः आयुष्यभर घरोघरी म्हणत आले होते. त्यावर घरची माणसं काय म्हणतात, हे त्यांनी आठवून बघितलं.

"आलास, बरं वाटलं," ते म्हणाले, आणि पुढच्या माणसासाठी हात पुढे केला.