शिलाई मशीनची दाद

"घ्या! आता मायासुद्धा सरकारच वाटणार. हप्त्याहप्त्याने!"

खुर्चीतून ही पुटपुट ऐकू आली आणि बाईंनी ओळखलं, रविवारच्या लेखाला विषय मिळाला. त्यांनी गिऱ्हाइकाच्या शर्टाची बाही सुईखाली सरकवली.

बाईंचे यजमान वर्तमानपत्रात चालू बातम्यांवर टोमणे मारणारं सदर लिहीत. जुन्या वळणाचे, रीतीभातीला धरून चालणारे. ओळखीपाळखीचे लोक पाठीमागे त्यांना 'काटकोन' म्हणत. लेख लिहून झाला की ते तो मोठ्याने वाचत आणि बाई शिवत असत. मशीन थांबलं म्हणजे बाई हसल्या, वाक्य राहिलं. मशीन चालूच राहिलं तर वाक्यावर काट. संपादकांना वाटे, या माणसाला विनोदाचा काय कान आहे! कान कुठला, पाय होता तो. बाईंचा, पॅडलवरचा.

आजची बातमी अशी की एकट्यादुकट्या म्हाताऱ्यांकडे गप्पा मारायला सरकार पगारी माणूस पाठवणार. संध्याकाळी काटकोन वाचू लागले.

"'सोमवारी लेक येईल, गुरुवारी सून. रविवारी मात्र जिव्हाळ्याला सुट्टी.'"

मशीन चालू.

"'नातवाची जागा सध्या रिक्त आहे. भरती निघाली की कळवू.'"

मशीन थांबलं. बाई खरोखरच हसल्या. त्यांना हे पटतही होतं. आपलं माणूस आपण बघावं, त्यात सरकार कशाला मधे? सासूचं अंथरूण-पांघरूण त्यांनी शेवटपर्यंत स्वतः केलं होतं.

काटकोनांना चेव आला. "'पण लेकींना वेळ कुठे आहे? माझ्या माहितीतल्या एकीला मांजरासाठी वेळ आहे, बापासाठी नाही.'"

बाईंचा पाय जोरात चालू लागला.

हे मांजर सदरात दुसऱ्यांदा येत होतं. त्यांच्या स्वतःच्या लेकीने संसार मोडला, तेव्हा काटकोनांनी लिहिलं होतं, 'एका मुलीने नवरा सोडला नि मांजर धरलं. मांजर उलट बोलत नाही ना!' सगळ्या नात्यागोत्याने ते मांजर ओळखलं. लेकीने घरात पाऊल टाकणं बंद केलं. काटकोन म्हणत, "कामात असेल." बाई म्हणत, "लांब पडतं तिला." लांब म्हणजे एक बस आणि थोडं चालणं.

आणि आज दुपारी, ते वाचनालयात गेलेले असताना, तिचा फोन आला होता. "आई, रविवारी येऊ? बाबा काही बोलणार तर नाहीत ना?"

बाही केव्हाच संपली होती. सुई नुसत्या हवेला टाके घालत होती, तरी बाईंनी पाय थांबवला नाही.

"अगं, नाही आवडलं? मागे तर याच मांजरावर थांबली होतीस. लोक अजून आठवण काढतात." ते जरा ओशाळले. "आणि मांजर काढलं तर लेखात राहतं काय?"

मशीन थांबलं. काटकोनांचा चेहरा उजळला, पेन बरोबरच्या खुणेसाठी वर गेलं.

"हसले नाही मी," बाई म्हणाल्या.

"मग?"

"तेव्हाही हसले नव्हते. दोरा तुटला होता. मी सुईत ओवत होते, आणि तुम्ही पुढे वाचत सुटलात."

पेन तसंच वर राहिलं. "मग बोलली का नाहीस?"

"छापून आल्यावर काय बोलायचं? जो तो तुमची पाठ थोपटत होता. मीही चहा करून देत होते त्यांना."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. कागदाकडे मात्र पाहिलं नाही. "हल्लीचा जमानाच असा आहे गं," ते हळूच म्हणाले. "पोरं येत नाहीत."

बाईंनी शर्ट बाजूला ठेवला.

"अहो, सरकारवर लिहा, बरोबरच लिहिता तुम्ही. पण आपली पोर येत नाही ती सरकारमुळे नाही की जमान्यामुळे नाही. तुमच्या लिहिण्यामुळे आणि माझ्या गप्प बसण्यामुळे येत नाही."