ब्रेकपुढे 'ठीक'

दर मंगळवारी सकाळी दहा वाजता मी चाळीस लोकांसमोर पँट वर करतो. हसू नका, तीच माझी नोकरी आहे. मार्केट यार्डाजवळ आमचं गोदाम आहे, त्याच्या वरच्या मजल्यावर घरोघरी किराणा पोचवणाऱ्या टेम्पोचालकांचं सेफ्टी ट्रेनिंग असतं. खोलीला खिडकी नाही, पंखा एकच, आणि दाराला आतून कडी, कारण दार उघडं राहिलं की निम्मे लोक चहाला सटकतात. कडीखाली खुर्ची टाकून दत्तप्रसाद साहेब बसतात. ते आमचे मॅनेजर. मी उजवी पँट गुडघ्यापर्यंत सरकवतो, जयपूर फूट दाखवतो आणि पाठ केलेलं वाक्य म्हणतो, "चूक माझीच होती. मी वेगात होतो."

साफ खोटं. कात्रजचा माल टाकून मी वारज्याला निघालो होतो. नवले पुलाच्या उतारावर ब्रेक लागलाच नाही, पुढच्या ट्रकवर आदळलो. तासभर केबिनमध्ये अडकून पडलो होतो, पाय पत्र्यात. ब्रेक खाली जातोय हे आठवडाभर घसा कोरडा करून सांगत होतो, पण सगळं तोंडी. सकाळी किल्ली मिळण्याआधी तपासणीचा कागद भरावा लागतो: टायर, दिवे, हॉर्न, ब्रेक. ब्रेकपुढे 'नाही' लिहिलं की गाडी उभी, आणि गाडी उभी म्हणजे त्या दिवसाचा रोज बुडाला. म्हणून सगळे डोळे मिटून 'ठीक' लिहितात. मीही लिहिलं आणि खाली सही ठोकली.

तो कागद अजून साहेबांच्या कपाटात आहे. "महिपतीराव, सही आपलीच ना?" हे त्यांनी दवाखान्यात येऊन, मोसंबी हातात देऊन विचारलं होतं. किती गोड माणूस! मग ही नोकरी दिली. आपलेच दात, आपलेच ओठ. एका पायाच्या, बावन्न वर्षांच्या ड्रायव्हरला दुसरं कोण दारात उभं करणार? चार वर्षं तोंड दाबून बुक्क्यांचा मार खातोय.

त्या मंगळवारी मी वाक्य म्हटलं, पँट खाली केली, तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून उत्कर्षा उठली. ही पोरगी यवतमाळची, महिन्यापूर्वीच आमच्याकडे टेम्पोवर लागलेली.

"काका, माझ्या गाडीचा ब्रेक तीन दिवसांपासून खाली जातोय. दोन-तीनदा दाबला की मग लागतो. सुपरवायझर म्हणतात, चालव. मी काय करायचं?"

मागून साहेबांचा आवाज आला, "महिपतीराव, सांगा त्यांना. कागद भरताना नीट बघायचं असतं."

"आज काय लिहिलंस?" मी विचारलं.

"ठीक." तिनं मान खाली घातली. "सगळेच लिहितात."

"आणि फेरी कुठली?"

"कात्रज, मग वारजे."

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. खरं बोललो तर माझी नोकरी गेली, गप्प बसलो तर ही पोरगी तासाभरात त्याच उतारावर. आणि मी काय बोललो असेन? "सावकाश चालव," म्हणालो. वा रे मास्तर! स्वतःची इतकी लाज मला दवाखान्यातही वाटली नव्हती.

कडी निघाली, सगळे धडाधड खाली गेले. मी खुर्चीवर बसून राहिलो. खालून किल्ल्यांचा आवाज येत होता, एकेक गाडी सुरू होत होती. मला तिथं बसवेना. कठडा धरून एकेक पायरी उतरलो, तोवर उत्कर्षाची गाडी फाटकाकडे निघालीच होती. मी सरळ आडवा उभा राहिलो. तिनं दोनदा, तीनदा ब्रेक दाबला. गाडी माझ्यापासून वीतभर अंतरावर थांबली.

"उतर खाली," मी ओरडलो. "किल्ली दे."

मी आत चढलो आणि दार लावून घेतलं. चार वर्षांनी स्टिअरिंगमागे बसलो होतो. कुणी काचेवर टकटक केलं. साहेब होते.

"काय तमाशा आहे हा? ब्रेक ठीक आहे की नाही ते एकदाचं सांगा आणि उतरा."

मी उजव्या पायानं ब्रेक दाबला. काहीच कळेना. रबराच्या पायाला काय डोंबल कळणार?

"कळत नाही ना?" साहेब हसले. "मग ठीकच आहे."

त्या हसण्यानं माझं डोकं फिरलं. सीटवरून वाकलो आणि हातानं ब्रेकचं पेडल दाबलं. ते थेट खाली जाऊन टेकलं.

"ब्रेक खाली टेकतोय!" मी अख्ख्या पार्किंगला ऐकू जाईल असं ओरडलो. तिचा कागद समोर क्लिपला लावलेला होता. 'ठीक' खोडलं, 'नाही' लिहिलं, खाली माझी सही केली आणि काच खाली करून साहेबांना दिला. त्यांनी वाचला, नीट घडी घातली.

"पुढच्या मंगळवारी येऊ नका."

"बरं."

मला वाटलं, पोरगी निदान हुश्श तरी करेल. कसलं काय! तिचे डोळे भरून आले होते आणि ती माझ्यावरच तडकली. "काका, काय करून ठेवलंत हे! आजचा रोज बुडाला. उद्या मला गाडीच दिली नाही तर? आता काय हात हलवत घरी जाऊ?"

"जा."

"अहो, पण कशी जाऊ?"

किल्ली मुठीत धरून मी तसाच बसून होतो.

"चालत जा," मी म्हणालो. "दोन्ही पायांनी."