शांत स्वभावाची

माझा नवरा प्रज्योत मला चहातून गोळ्या देत होता. उदासीवरच्या. मला कसली आलीय उदासी? मला राग यायचा, आणि तो यायलाच हवा होता.

नागावला आमच्या वाडीत पाहुण्यांच्या खोल्या आहेत. ओहोटीला इथलं पाणी माणसाला ओढून नेतं. मुंबईकरांना गोड बोलून हे पटत नाही, म्हणून मी किनाऱ्यावर उभी राहून शिव्या घालायचे. "मुडद्या, बाहेर निघ!" ते मुकाट्याने बाहेर यायचे, मग मोबाईलवर माझ्या नावाने खडे फोडायचे. प्रज्योतला तेच झोंबायचं.

सासरे गेले तेव्हा तो पार खचला होता. अलिबागच्या डॉक्टरांच्या गोळ्यांनी सावरला. उरलेल्या त्याने कुटून माझ्या चहात घातल्या. हळूहळू मी निवळले. नणंद टोमणे मारून दमली, मला ढिम्म काही होईना. डोकं जागेवर होतं, सगळं कळत होतं. फक्त कशाचंच काही वाटत नव्हतं.

अशात राहुल आणि मृणाल हे नवं जोडपं आलं. भर ओहोटीत राहुल कमरेभर पाण्यात शिरला. मी समोरच होते. हा आता ओढला जाणार, हे मला स्वच्छ दिसलं. ओरडावंसंच वाटलं नाही. येईल बाहेर, म्हटलं, आणि बघत राहिले.

कोळ्यांनी त्याला होडीतून आणला तेव्हा तो गेलेला होता.

"काकू, तुम्ही तिथेच होतात!" मृणाल किंचाळली. "एक हाक मारायची होती!"

प्रज्योत मध्ये पडला. "तिला न्हाय जमत वो वरडायला. शांत स्वभावाची हाय ती."

दुसऱ्या दिवशी साखरेच्या डब्यामागे गोळ्यांचं पाकीट सापडलं. मी त्याच्यासमोर धरलं. "मला गुन आला, म्हनलं तुला बी येल," तो म्हणाला. तेव्हाही मला राग आला नाही. त्याची लाज अजून जात नाही.

चहा मी स्वतः करू लागले, आणि राग परतला. आज प्रज्योतला दंडाला धरून मुंबईला मृणालच्या दारात आणलाय.

"हळू बोल गो," तो कुजबुजला, "शेजारी ऐकतील."

मृणालने दार उघडलं. मी अख्ख्या इमारतीला ऐकू जाईल असं ओरडले, "सांग तिला, मी गप्प का होते!"