पांढऱ्या डोक्याच्या टाचण्या

चष्मा लेकीने पाठवला होता, आणि लेकीने पाठवलेल्या वस्तूला नावं ठेवायची या घरात कोणाची टाप नव्हती. शिवणकाम करणाऱ्या तिच्या आईला वर्षभरापासून विसर पडायला लागलेला. त्यात रक्त पातळ ठेवणारी पांढरी गोळी रोज सकाळी नऊला घेतलीच पाहिजे, नाहीतर गुठळी मेंदूत जाऊन अर्धं अंग लुळं पडेल, असं डॉक्टरांनी बजावलेलं. चष्म्यातून गोळीभोवती हिरवं कडं दिसे. ती ओठांशी गेली की काडीतून गोड आवाज येई, ‘शाबास, आजची गोळी झाली.’ तिकडे लेकीच्या फोनवर हिरवी खूण उमटे.

बापाला मात्र ही शाबासकी पटत नव्हती. तीस वर्षं बस चालवलेला माणूस, आरशात बघितल्याशिवाय तो कशावर भरवसा ठेवत नसे. महिना संपला तरी गोळ्या अर्ध्या शिल्लक! त्याने लेकीला फोन केला.

“बाबा, एकही दिवस चुकलेला नाही. दुकानदाराने जास्त दिल्या असतील. आणि आपल्या मनाने दुसरी देऊ नका हं, रक्तस्राव होईल.”

झालं. लेक शिकलेली, चष्मा तिच्याहून शिकलेला, तिथे बसवाल्याला कोण विचारतो!

आज नऊला तो चहा घेऊन मशीनपाशी गेला. बायको एका फ्रॉकला कॉलर लावत होती. टाचण्या ओठांत धरायची तिची जुनी सवय. बारीक, पांढऱ्या गोल डोक्याच्या टाचण्या. दोनचार आधीच ओठांत होत्या, तिने आणखी एक उचलून कोपऱ्यात खोचली.

“शाबास, आजची गोळी झाली,” चष्मा म्हणाला.

त्याने चहा तिथेच ठेवला. म्हणजे शिवण नसेल त्याच दिवशी गोळी पोटात जात होती! तो धावत जाऊन गोळी घेऊन आला.

“अगं, आधी ही घे.”

“थांबा! आजची झाली आहे. दुसरी धोक्याची आहे,” चष्मा ओरडला.

“ऐकलंत ना?” ती टाचण्यांआडून म्हणाली. “मला विसर पडतो, त्याला नाही.”

त्याने चष्मा ओढून काढला. ती घाबरीघुबरी झाली. “अहो, द्या तो! त्याच्याशिवाय मला कसं कळणार, घेतली की नाही?”

“मी सांगतोय ना!”

तिने ओठ घट्ट मिटले. त्याला तिची फार दया आली. नजर चुकवायला म्हणून त्याने फ्रॉककडे पाहिलं. शिवण कॉलर सोडून भलतीकडेच गेली होती. चाळीस वर्षांत तिचा एक टाका वाकडा पडला नव्हता.

मग तिच्या ओठांच्या डाव्या कोपऱ्यातली टाचणी फ्रॉकवर पडली. पाठोपाठ दुसरी. उजवीकडच्या तशाच घट्ट होत्या.

“अगं, बोल काहीतरी!”

खिशातला फोन वाजला. लेकीचा निरोप होता, ‘आईची गोळी आजही वेळेवर. बघा, उगाच काळजी करता.’