बिरुदेव वस्तीच्या नळासाठी कोरडी राहिलेली बादली

मी बादली बोलतेय. पत्र्याची, दोन कानांची, एका कडीची. माझं नाव ऐकून तुम्हाला न्हाणीघर आठवलं असेल, तर आधीच सांगते, मी त्यातली नव्हे. जन्माला आल्यापासून माझ्यात पाण्याचा थेंब पडलेला नाही. मी तीन वेळा विधानसभेला उभी राहिले आणि तिन्ही वेळा पडले. त्याची मला लाज वाटत नाही.

दोन हजार चौदा साली मंगळवेढ्याच्या आठवडी बाजारात मी इतर बादल्यांबरोबर दोरीला टांगलेली होते. एक उंच, सावळा माणूस आला. त्यानं मला उलटीसुलटी केली, बुडावर टिचकी मारली आणि म्हणाला, "हिचा आवाज लांबवर जाईल." बादली घेताना कुणी आवाज बघतं का? तेव्हाच मला कळलं, की आपलं नशीब निराळं आहे.

ते होते त्रिंबक कंडक्टर. मंगळवेढ्याहून दक्षिणेकडच्या कोरड्या गावांना जाणाऱ्या एसटीत त्यांनी तीस वर्षं तिकिटं फाडली. उन्हाळ्यात बायका रिकाम्या घागरी घेऊन गाडीत चढायच्या, पुढच्या गावच्या विहिरीवर उतरायच्या आणि परतीच्या गाडीनं पाणी घेऊन यायच्या. भरल्या घागरीचं सामानाचं तिकीट घ्यावं लागे. कंडक्टरांनी ते कधी फाडलं नाही. त्यापायी मेमो मिळाला, तो त्यांनी घडी करून खिशात ठेवला.

निवृत्त झाल्यावर त्यांनी अपक्ष अर्ज भरायचं ठरवलं. मतदारसंघ राखीव नव्हता आणि कंडक्टरांचं घर मंगळवेढ्याच्या बौद्ध वस्तीत. चहाच्या टपरीवर एकानं तोंडावरच सांगितलं, "कंडाक्टर, ही जागा काय तुमच्यासाठी न्हाय."

"तीस वर्सं गाडीत समद्यास्नी जागा दिली मी," कंडक्टर म्हणाले. "तवा ही कुणाची म्हनून कुणी इचारलं न्हाय."

अपक्षाला पक्षाचं चिन्ह नसतं. मोकळ्या चिन्हांच्या यादीतून एक मागून घ्यावं लागतं. त्यांनी बादली मागितली आणि मिळाली. अशी मी उमेदवार झाले.

पहिली सभा बिरुदेव वस्तीवर झाली. चाळीस घरं, सगळी मेंढपाळांची. नळ नाही, टाकी नाही. कंडक्टरांनी मला सगळ्यांसमोर उलटी धरली. "ही कोरी हाय. हिच्यात पैलं पाणी पडंल ते तुमच्या नळाचं. ज्या दिवशी भरंल त्या दिवशी मी बसंन. तोवर दर बारीला उभा ऱ्हाईन."

वस्तीवरचा म्हातारा मायाप्पा उठला. त्यानं बटव्यातून चिमूटभर भंडारा, म्हणजे बिरुदेवाची हळद, काढून माझ्या काठाला लावला. मग एकेका घरचा माणूस आला आणि भंडारा उचलून शब्द देऊन गेला. मायाप्पाची बायको मायाक्का सगळ्यात शेवटी आली. "आमची मतं हिलाच," ती म्हणाली. या लोकांनी एकदा भंडारा उचलला, की विषय संपला. हे मला तेव्हा नीट कळलं नव्हतं, आणि कंडक्टरांनाही नाही.

आम्ही पडलो. अनामत गेली. पण बिरुदेव वस्तीची झाडून सगळी मतं आम्हाला होती. कंडक्टरांची बायको चांगुणाबाई म्हणाली, "हौस फिटली का?"  कंडक्टरांनी मला खुंटीला टांगलं.

एकोणीस साली पुन्हा अर्ज भरला. या खेपेला दुसऱ्या एका अपक्षानंही बादलीच मागितली. तो मतदारसंघाच्या पार तिकडच्या टोकाचा हॉटेलवाला. चिठ्ठ्या टाकल्या आणि मी त्याच्याकडे गेले. आम्हाला काय मिळालं, तर छताचा पंखा! ज्या वस्तीवर दिवसातून चार तास वीज टिकत नाही, तिथं पंखा घेऊन मतं मागायची.

मला पोत्यात बांधून माळ्यावर टाकलं. टाकणं भागच होतं. मी दिसले असते तर हॉटेलवाल्याचा प्रचार झाला असता. बाहेरून कंडक्टरांचा घसा बसल्याचं ऐकू यायचं आणि मी पोत्यात पडून चरफडायचे. ज्याच्यासाठी मी आले, त्याच्याच विरोधात मी उभी होते.

निकाल लागला. आम्हीही पडलो, हॉटेलवालाही पडला. बिरुदेव वस्तीच्या केंद्रावर पंख्याला तीन मतं, बादलीला दोनशे बारा. हॉटेलवाल्यानं ती वस्ती डोळ्यांनी पाहिलेली नव्हती.

कंडक्टर तडक वस्तीवर गेले. जाताना माळ्यावरून मलाही सोबत घेतलं. का घेतलं कुणास ठाऊक, बहुतेक भांडायला.

"मायाक्का, समद्यांनी मला फसवलं का गं?"

"फसवलं कसं? भंडारा बादलीवर उचललाता आमी. पंख्यावर न्हाय."

"अगं, पर बादली दुसऱ्याची हुती की! चार येळा सांगून गेलो."

"ऐकलं की. समद्यांनी ऐकलं. पर देवाला काय सांगायचं? चिन्ह बदललं म्हनून शबूद मोडला?" मायाक्का माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "ही भरंपातूर हिलाच."

कंडक्टर मटकन खाली बसले. मग त्यांना हसू फुटलं, ते थांबेचना. हसता हसता डोळे पुसत होते. मला काय वाटलं ते खरं सांगू? माझा ऊर भरून आला. मी त्यांना पाडलं होतं हे ठाऊक असूनही.

घरी आल्यावर चांगुणाबाईनं हात जोडले. "अवो, आता बास करा. दुनिया हसाय लागली." कंडक्टर बासष्ट-त्रेसष्टचे झाले होते, गुडघे बोलायला लागले होते. पण चोवीस साली त्यांनी तिसऱ्यांदा अर्ज भरला आणि पहिल्या पसंतीला मलाच लिहिलं.

अर्ज माघारी घ्यायची मुदत संपायच्या आदल्या दिवशी निरोप आला, बिरुदेव वस्तीला नळ आलाय. आम्ही गेलो. खरंच नळ होता. भोवती सिमेंटचं नवीन कोंडाळं, पिवळी तोटी, वर हार. शेजारी पांढऱ्या गाडीला टेकून शहाजीराव उभे. आमच्या विरोधातल्या मोठ्या पुढाऱ्यांची वस्त्यांवरची कामं हेच बघायचे, आणि त्यांना या वस्तीची एकगठ्ठा मतं हवी होती.

"या कंडक्टर. बादली आणली ना? भरा आणि उद्या अर्ज काढून घ्या. तुम्ही शब्दाला पक्के, सगळा तालुका जाणतो."

कंडक्टरांचा चेहरा उतरला. नळाचं दुःख नव्हतं त्यांना, नळच तर हवा होता. पण काहीतरी खटकत होतं आणि ते दाखवता येत नव्हतं. त्यांनी मला तोटीखाली धरलं. दहा वर्षं मी या क्षणाची वाट बघितली होती. शहाजीरावांनी तोटीला हात घातला आणि आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, नको.

"थांबा," मायाक्का म्हणाली आणि तिनं मला बाजूला ओढलं. "नवं पाणी आदी मेंढरू पेतंय. मग मान्सं. आमच्यात तसंच हाय."

तिनं आपलं घमेलं तोटीखाली ठेवलं. पाणी धो धो आलं. मायाप्पानं कळपातली जाणती मेंढी पुढं आणली. मेंढीनं नाक खाली नेलं, शिंकली आणि तोंड फिरवलं. दुसरी आणली, तिनंही तसंच केलं.

"ह्याला टँकरच्या पावडरीचा वास हाय," मायाप्पा म्हणाला. शहाजीराव काही बोलायच्या आत तो पाइपाच्या कडेकडेनं चालायला लागला. सगळी वस्ती मागून. फार चालावं लागलं नाही. बांधामागं बाभळींच्या आडोशाला टँकर उभा होता आणि पाइप त्याच्या बुडाला जोडला होता.

कुणी शिवी दिली नाही, की दगड उचलला नाही. मायाक्कानं घमेलं उचललं आणि शहाजीरावांच्या गाडीपाशी नेलं. "गाडीत घाला हे. लांब जायाचं हाय तुमाला."

दुसऱ्या दिवशी कंडक्टर अर्ज माघारी घ्यायला गेले नाहीत. मुदतीचे तीन वाजून गेले, चिन्हं वाटली, बादली मागणारे आम्ही एकटेच निघालो. त्या निवडणुकीत मला काठीनं इतकं बडवलं, की बूड झिजून भोक पडलं. आम्ही पुन्हा पडलो. पण पहिल्या खेपेच्या पाचपट मतं घेऊन पडलो, आणि ती फक्त मेंढपाळांची नव्हती.

परवा मायाक्का घरी आली होती. मला हातात घेऊन म्हणाली, "म्होरल्या बारीला हिच्यावर भंडारा न्हाय उचलायचा. मान्सावर उचलायचा. चिन्ह काय का मिळंना." मला थोडं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण म्हातारी बरोबर बोलत होती.

"कुनावर उचलणार?" कंडक्टर गुडघे चोळत म्हणाले. "मला आता पायरी चढवत न्हाय."

चांगुणाबाई भाकरी थापत होती. ती म्हणाली, "माजं गुडघं चांगलं हायेत."

आज सकाळी ती मला पत्र्याच्या दुकानात घेऊन गेली. कारागिरानं जुनं बूड कापलं, नवं जाड बूड बसवलं आणि गळतंय का बघायला नळाकडं निघाला.

"पानी नगं घालू हिच्यात," चांगुणाबाई म्हणाली.

"मग कळणार कसं?"

तिनं मला त्याच्या हातातून घेतलं, दोन्ही हातांनी वर उन्हात धरलं आणि आत डोकावून पाहिलं. कुठं उजेड येतोय का ते कोपरान् कोपरा बघितलं. कुठंही येत नव्हता.

तेव्हा मोठ्या लोकांनो, मला रिकामी समजून खुशाल हसा. पण बिरुदेव वस्तीला खरा नळ बसवा, मेंढरांना पाणी पिऊ दे. मग ज्या दिवशी मी भरेन, त्या दिवशी आपण होऊन खाली बसेन. तोवर उभी आहे.