पोटाकडचं कातडं

घोड्यांचे साज बनवणाऱ्या कारागिराची बायको लग्नापासून नवऱ्याच्या बरोबरीनं कातडं निवडत आली होती. कातडं उजेडात धरायचं, दुमडायचं, घडीवर भेगा पडतात का ते बघायचं. घोडा गाडी ओढतो ते ओढीचे पट्टे पाठीच्याच कातड्यातून काढायचे. पोटाकडचं सैल असतं, ओझं पडलं की ताणलं जातं नि तुटतं. नवरा वारला आणि ज्या हातांच्या जिवावर घर चाललं होतं तेच हात अपशकुनी ठरले. नव्या साजाला विधवेनं हात लावायचा नाही, असं सासूबाईंनी बजावलं. तिच्या वाट्याला दोऱ्याला मेण लावणं आणि दुकान झाडणं तेवढं उरलं.

एका सकाळी धाकटा दीर गाडीवानाचा साज पुरा करत होता. ओढीचा पट्टा त्यानं पोटाकडून कापला होता, कड्याही हलक्या प्रतीच्या, ओतीव बसवल्या होत्या. तिला राहवलं नाही. तिनं पट्टा उचलून दुमडला. घडीवर बारीक भेगा उमटल्या. हा चढावर टिकायचा नाही, दुसरा कापा, असं ती म्हणाली. दिरानं पट्टा हिसकावून घेतला. सासूबाईंनी तिला दंडाला धरून मागच्या खोलीत ढकललं आणि बाहेरून कुलूप लावलं.

दुपारी चढावर तोच पट्टा तुटला. भरलेली गाडी मागं घसरली आणि गाडीवानाचा पाय चाकाखाली चिरडला.

दिवस मावळायच्या आत गल्लीभर झालं, की त्या साजाला विधवेचा हात लागला होता. कातडं कापलं कुणी, हे विचारायची कुणाला गरज वाटली नाही. सासूबाई स्वतःही विधवाच. तरुणपणी त्यांनाही असंच कोपऱ्यात बसवलं होतं. तरी त्यांनीच सुनेला फर्मावलं, की गाडीवानाच्या बायकोचे पाय धर आणि माफी माग.

ती गेली. मागोमाग दीर, सासूबाई आणि गंमत बघायला निम्मी गल्ली. पाय तिनं धरले नाहीत. दारात पडलेला तुटका पट्टा उचलून तिनं गाडीवानाच्या बायकोच्या हातात दिला.

"हात लावल्यानं कातडं तुटत नाही, बाई. हे पोटाकडचं आहे. मी सकाळीच सांगितलं, तर मला कोंडून घातलं."

गाडीवानाच्या बायकोनं पट्टा ताणून बघितला. तो तिच्या हातात आणखी फाटला. आत नवरा कण्हत होता.

"मग तुम्ही ओरडला का नाहीत?" तिनं विचारलं.

"ओरडले ना. गाडी निघून जाईपर्यंत दार बडवत होते." ती जमलेल्या शेजाऱ्यांकडे वळली. "विचारा यांना."

एकाचीही मान वर झाली नाही.